स्वीडिश पुरातत्त्वज्ञ हान्ना रीद यांची चरित्रनोंद : परीक्षणासाठी मदत हवी आहे

गोदाकाठ (नाशिक) :

मंडळी, नमस्कार.

आपल्या मुक्त ज्ञानकोशात हान्ना रीद (Hanna Rydh, १८९१–१९६४) या स्वीडिश पुरातत्त्वज्ञ बाईंवर एक नोंद बऱ्याच दिवसांपासून पडून आहे. कुणीतरी इंग्रजी मजकुराचे यंत्रानुवादाने भाषांतर करून ती तयार केली होती, आणि त्यानंतर तिच्याकडे फारसे कुणी पाहिलेले दिसत नाही. मी ती गेल्या महिन्यात हाती घेतली, थोडीफार डागडुजी केली आणि परीक्षणासाठी पुढे पाठवली. ती 'भाषा सुधारावी, संदर्भ तपासावेत' एवढ्याच शेऱ्यासह परत आली. शेरा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, परंतु नेमके कुठे काय खटकले हे त्यावरून मला कळले नाही, आणि म्हणून हा प्रश्न इथे मांडतो आहे.

मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी नाही. या नोंदीकडे वळलो त्याचे कारण घराजवळचे आहे. आमचे जुने घर नाशिकच्या गढीपासून हाकेच्या अंतरावर होते. १९५०–५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने याच मातीच्या गढीवर उत्खनन केले, हे लहानपणापासून ऐकत आलो. त्यानंतर लगेचच, १९५२ ते १९५४ या काळात, एक साठी उलटलेली स्वीडिश बाई राजस्थानात सुरतगडजवळ रंगमहाल येथे उत्खनन करत होती, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मनापासून वाटले की निदान मराठीत तरी तिच्याबद्दल नीट वाचायला मिळायला हवे.

नोंदीतील तीन वाक्ये जशीच्या तशी देतो, म्हणजे आपल्याला अंदाज येईल.

"हान्ना रीद ही स्वीडनची थोर व पहिली महिला पुरातत्त्वज्ञ होती, जिने १९१९ मध्ये आपल्या प्रबंधाचा यशस्वी बचाव केला."

"तिने आपल्या पतीसोबत स्तूरा कार्ल्सो बेटावरील स्तूरा फोरवार गुहेचे उत्खनन केले, जे १९४० मध्ये पूर्ण झाले."

"१९५२–५४ मध्ये तिने राजस्थानमधील रंगमहाल या हडप्पाकालीन ढिगाऱ्याचा शोध लावला, ज्याची मृद्भांडी महाराष्ट्रातील जोर्वे संस्कृतीशी साम्य दर्शवतात."

हे तिसरे वाक्य मूळ इंग्रजीत नव्हते. ते आपल्याकडील कुणीतरी जोडले आहे आणि त्याला संदर्भ नाही. मला ते काढून टाकायला जीव होत नाही, कारण मराठी वाचकाला या बाईंशी जोडणारा तेवढाच एक धागा नोंदीत आहे. शिवाय संपूर्ण नोंदीत दोन्ही विवाहांवर दोन परिच्छेद आहेत, राजकारणावर एक आहे आणि उत्खननांवर मिळून चार ओळी आहेत. हे प्रमाण कसे बदलावे? आणि नाव 'रीद' लिहावे की 'रिध'? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पांढरीची माती :

गोदाकाठ, आपण नोंद हाती घेतलीत याचा आनंद झाला. मी पुण्याला पुरातत्त्वाचे शिक्षण घेतले आहे आणि विद्यार्थिदशेत पुष्कळ खापरे धुऊन, सुकवून, वर्गवारी करून टोपल्यांत भरली आहेत. त्या अनुभवावरून सुरुवात तुमच्या तिसऱ्या वाक्यापासून करतो, कारण त्यात एकाच दमात तीन चुका आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या आहेत.

पहिली चूक कालखंडाची. रंगमहाल हे हडप्पाकालीन स्थळ नाही. गोंधळ कशामुळे झाला हे समजण्यासारखे आहे. हे टेकाड घग्गर नदीच्या कोरड्या पात्रालगत आहे आणि त्याच पात्राच्या काठी कालीबंगा हे प्रसिद्ध हडप्पाकालीन स्थळ आहे. कालीबंगाचे उत्खनन ब्र. बा. लाल आणि बा. कृ. थापर यांनी १९६० च्या दशकात केले, आणि तेव्हापासून घग्गर म्हटले की हडप्पा असे समीकरण लोकांच्या मनात बसले. परंतु रीद यांच्या चमूला रंगमहालच्या थरांत जे मिळाले ते इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले आहे. तिथे कुषाणांची तांब्याची नाणी मिळाली, आणि तिथल्या विशिष्ट मृद्भांड्यांवरून या काळातल्या त्या प्रदेशातील वस्त्यांना 'रंगमहाल संस्कृती' हे नाव पडले. हडप्पा संस्कृतीचा बहराचा काळ आणि ही संस्कृती यांच्यात सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे.

दुसरी चूक जोर्व्याची. हिच्यामागे घरच्या मातीची ओढ आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. रंगमहालची खापरे तांबडी असून त्यांवर काळ्या रंगात नक्षी असते. जोर्व्याची खापरेही तांबडी असून त्यांवर काळ्या रंगात नक्षी असते. छायाचित्रे शेजारी ठेवली तर नवख्या माणसाला ती एका घराण्यातली वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जोर्वे हे संगमनेर तालुक्यातील प्रवरेकाठचे गाव, आणि तिथली संस्कृती ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरली जात त्या काळातली), म्हणजे ढोबळमानाने इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० या काळातली. जोर्व्याचे चांगले भाजलेले खापर हातात घेऊन टिचकी मारली तर धातूच्या भांड्यासारखा खणखणीत आवाज येतो. तोटीची भांडी आणि पोटाशी कंगोरा असलेले वाडगे ही त्याची ओळख आहे. नाशिकच्या गढीवरही सर्वांत खालच्या थरांत त्याच घराण्यातली खापरे मिळाली, आणि १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या उत्खनन-अहवालात नाशिक आणि जोर्वे ही दोन्ही नावे एकत्र आहेत. रंग आणि नक्षीची रीत सारखी असली म्हणजे नाते असतेच असे नाही. त्यासाठी काळ जुळावा लागतो, मधल्या प्रदेशातून दुवे मिळावे लागतात, आणि इथे त्यांतले काहीच नाही.

तुम्हाला नाशिकचा धागा हवाच असेल तर तो गढीच्या तळाशी शोधू नका, त्रिरश्मी डोंगरावर शोधा. पांडवलेण्यांतले क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख, सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख, आणि त्यांनंतरचा आभीर राजा ईश्वरसेन याचा लेख हे सारे इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांतले आहेत. म्हणजे गोदाकाठी हे लेख कोरले जात होते त्या शतकांत उत्तरेला कुषाणांचे राज्य होते, आणि रंगमहालची वस्ती त्याच व्यापक कालखंडातली आहे. अर्थात हेही चरित्रनोंदीत घालायचे कारण नाही. तुम्हाला काळाची जाणीव यावी म्हणून सांगितले.

तिसरी चूक 'शोध लावला' या शब्दांत आहे. रंगमहालचे टेकाड रीद यांनी शोधून काढलेले नाही. लुईजी पिओ तेस्सितोरी हा इटालियन विद्वान, ज्याने राजस्थानी भाषेसाठी आयुष्य वेचले आणि १९१९ साली बिकानेरमध्येच प्राण सोडला, त्याने तिथून मातीची अप्रतिम शिल्पे मिळवली होती. त्यांतला गोवर्धनधारी कृष्ण बिकानेरच्या संग्रहालयात आहे. पुढे १९४० च्या दशकाच्या आरंभी ऑरेल स्टाइन यांनी घग्गरच्या पात्राची पाहणी केली, आणि १९५० नंतर अमलानंद घोष यांनी त्याच प्रदेशात सविस्तर सर्वेक्षण केले. स्वीडिश मोहीम या सगळ्यांच्या नंतर आली. तिचे महत्त्व असे की तिने एकाच स्थळावर पद्धतशीर, थराथराने उत्खनन केले आणि १९५९ साली लुंड येथून त्याचा संपूर्ण अहवाल प्रसिद्ध केला. उत्खनन संपल्यावर पाच वर्षांत अहवाल हाती येणे ही आमच्या क्षेत्रात सहज घडणारी गोष्ट नाही. कित्येक उत्खननांचे अहवाल दशकानुदशके रखडतात आणि खोदणाऱ्यांबरोबरच माहितीही जाते. तुमच्या नोंदीत 'शोध लावला' ऐवजी हे एक वाक्य यायला हवे.

आता दुसऱ्या वाक्याबद्दल. स्तूरा फोरवार गुहेचे उत्खनन १८८८ ते १८९३ या काळात झाले आणि ते लार्स कोल्मोदिन व ह्याल्मार स्तोल्पे यांनी केले. रीद यांचा जन्म १८९१ चा. खोदकाम सुरू झाले तेव्हा त्या जन्मलेल्याही नव्हत्या, आणि नोंदीच्या पहिल्याच ओळीत जन्मवर्ष दिलेले असताना हे वाक्य इतके दिवस कुणाच्या लक्षात आले नाही! प्रत्यक्षात त्यांचे पहिले पती ब्रूर श्निटगर हे त्या गुहेतील सामग्रीवर काम करत होते. १९२४ साली ते वारले, काम अर्धवट राहिले, आणि रीद यांनी ते पुरे करून १९४० साली दोघांच्या नावाने प्रसिद्ध केले. म्हणजे १९४० साली उत्खनन पूर्ण झाले नाही, त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मुद्रितशोधक :

वरील उत्तरानंतर वस्तुस्थितीबद्दल मला वेगळे सांगण्यासारखे काही उरले नाही. मी तीस वर्षे मुद्रितशोधन केले आहे, त्यामुळे भाषेपुरते बोलतो. मात्र या नोंदीत भाषेची चूक आणि माहितीची चूक वेगळी करता येत नाही, हे आधी नमूद करतो.

'प्रबंधाचा बचाव केला' हे मराठी नाही. आपल्याकडे बचाव आरोपीचा होतो, किल्ल्याचा होतो. मराठी माणूस प्रबंध सादर करतो, त्यावर तोंडी परीक्षा होते आणि पदवी मिळते. 'उप्साला विद्यापीठात प्रबंध सादर करून त्यांनी १९१९ साली डॉक्टरेट मिळवली' एवढे पुरे. 'यशस्वी' तर मुळीच नको, कारण पदवी मिळाली यातच ते आले. आणि प्रबंध कशावर होता हे नोंदीत कुठेच नाही, ही खरी उणीव आहे. पदवीचे वर्ष कुठेही सापडते. विषय दिला तर माणूस कळतो.

'ढिगारा' हा शब्द नोंदीत सात ठिकाणी आला आहे, आणि मी मोजले तेव्हा त्यांतल्या तीन ठिकाणी तो स्वीडनमधल्या आदेल्सो बेटाबद्दल आहे व चार ठिकाणी रंगमहालबद्दल. इंग्रजीत दोन्हींना 'माउंड' म्हणतात म्हणून यंत्राने एकच शब्द वापरला. परंतु या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. रंगमहालचे टेकाड शेकडो वर्षे माणसे एकाच जागी राहिल्यामुळे, घरे पडून त्यांवर नवी घरे बांधली गेल्यामुळे आपोआप वाढलेले आहे. आपल्या गावाकडे त्याला 'पांढर' किंवा 'पांढरीचे टेकाड' असा नेमका शब्द आहे, आणि वर उत्तर देणाऱ्यांनी तर तेच टोपणनाव घेतले आहे. आदेल्सोवरची टेकाडे मृतांसाठी मुद्दाम रचलेली आहेत. ढिगारा मात्र यांतले काहीच नाही. ढिगारा पडलेल्या भिंतीचा होतो, त्यात कुणाचा हेतू नसतो आणि त्याला थरही नसतात. शब्द बरोबर आला की वाचकाला न सांगताही कळते की ही बाई आयुष्यभरात दोन अगदी भिन्न प्रकारची उत्खनने करत होती.

'थोर' काढून टाका. 'पहिली' या शब्दाला तोपर्यंत थांबवून ठेवा जोपर्यंत 'कशातली पहिली' याचे उत्तर संदर्भासह लिहिता येत नाही. पदवी मिळवणारी पहिली, उत्खननाचे नेतृत्व करणारी पहिली, संग्रहालयात नोकरी करणारी पहिली, ही तीन वेगळी विधाने आहेत. 'स्वीडनची पहिली महिला पुरातत्त्वज्ञ' या शब्दांनी त्यांतले कोणते सांगितले हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

'जिने', 'ज्याची', 'जे' यांनी वाक्ये लांबवू नयेत. मराठीत 'जो–तो' ची जोडी असते. नुसता 'जो' शेपटीसारखा मागे लावला की वाक्य इंग्रजी होते. आणि चरित्रनायिकेला 'त्या' म्हणावे. आपल्या विश्वकोशांची आणि चरित्रकोशांची रीत आदरार्थी बहुवचनाची आहे, आणि ती परदेशी व्यक्तीच्या बाबतीत सोडून द्यावी असे काही कारण मला दिसत नाही. पुरुष शास्त्रज्ञांच्या नोंदीत 'त्यांनी' आणि बाईंच्या नोंदीत 'तिने' असे झालेले मी आपल्याच ज्ञानकोशात अनेकदा पाहिले आहे. मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

सातपूरकर :

नोकरीनिमित्त मी काही वर्षे स्वीडनमध्ये राहिलो. पुरातत्त्वातले मला काही कळत नाही, पण नावांचे सांगू शकतो.

आडनावातला स्वर मराठीत नाही. 'ई' म्हणण्यासाठी जीभ ठेवावी आणि ओठ मात्र 'ऊ' साठी करावेत, तेव्हा तो निघतो. त्यामुळे 'रीद' आणि 'रूद' दोन्ही अर्धवटच आहेत, तरी कानाला 'रीद' जवळचे वाटते. शेवटी जो 'ह' दिसतो तो जुन्या लेखनपद्धतीचा अवशेष आहे, उच्चारात तो नाही. म्हणून 'रिध' नको. 'हान्ना' ठीक आहे, पहिला स्वर आखूड आहे एवढेच.

स्वीडिश भाषेत 'ओ' म्हणजे बेट. खरे तर तोही स्वर आपल्याकडे नाही, पण 'ओ' लिहावे लागते. तेव्हा आदेल्सो आणि कार्ल्सो या नावांत बेट आधीच आले आहे. 'आदेल्सो बेट' लिहिले की बेट दोनदा होते. मी मात्र ते तसेच ठेवा असे सुचवेन, कारण आपण विंध्याचल पर्वत म्हणतोच आणि त्याने कुणाचे काही अडत नाही. नुसते 'आदेल्सो येथे' लिहिले तर मराठी वाचकाला ते गाव वाटेल.

जाता जाता एक सांगतो. आदेल्सोला मी गेलो आहे. स्टॉकहोमच्या पश्चिमेला मेलारेन नावाचे मोठे सरोवर आहे, त्यात ते आहे, आणि समोरच ब्यर्को बेटावर बिर्का या वायकिंग काळातल्या व्यापारी नगराचे अवशेष आहेत. आदेल्सोवर होव्गोर्देन ही राजाची जागा होती. ही दोन्ही स्थळे मिळून १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. होव्गोर्देनला गवताने झाकलेली ती टेकाडे पाहताना इतिहासाची काही माहिती नसलेल्या माणसालाही कळते की ही नैसर्गिक नाहीत. त्यांचा उतार फार एकसारखा आहे.

गोदाकाठ (नाशिक) :

तिघांचेही मनःपूर्वक आभार. जोर्व्याचे वाक्य काढून टाकले आहे. काढताना वाईट वाटले हे कबूल करतो, पण १८८८ आणि १८९१ ही वर्षे शेजारी पाहिल्यावर त्याहून जास्त वाईट वाटले, कारण ती चूक माझ्या डागडुजीतूनही सुटली होती. मी तेव्हा फक्त शुद्धलेखन पाहिले होते.

प्रबंधाचा विषय शोधला. वायकिंग काळातल्या डबीच्या आकाराच्या वस्त्रपिना, म्हणजे गॉटलंड बेटावरच्या स्त्रिया अंगावरचे वस्त्र अडकवण्यासाठी वापरत त्या पितळी किंवा काशाच्या पिना, असा तो आहे. आता प्रश्न उरतो तो मांडणीचा. सध्या 'वैयक्तिक जीवन', 'पुरातत्त्वीय कार्य', 'राजकीय व सामाजिक कार्य' असे तीन भाग आहेत. स्त्रीहक्कांच्या चळवळीतले त्यांचे काम मोठे आहे. १९३७ ते १९४९ या काळात त्या फ्रेद्रिका ब्रेमर संघटनेच्या अध्यक्ष होत्या. १९४३–४४ मध्ये स्वीडनच्या संसदेत लोकपक्षाच्या सदस्य होत्या, आणि १९४६ ते १९५२ या काळात आंतरराष्ट्रीय महिला आघाडीच्या अध्यक्ष होत्या. हे सगळे वेगळ्या भागातच ठेवावे ना?

पांढरीची माती :

ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही दिलेली वर्षे आणि वर आलेली वर्षे एका कागदावर क्रमाने लिहून पाहा.

१९३६ साली त्यांचा आदेल्सोवरील उत्खननांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी त्या फ्रेद्रिका ब्रेमर संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. १९४० साली, त्या पदावर असतानाच, त्यांनी दिवंगत पतीचे सोळा वर्षे अपुरे राहिलेले गुहेचे काम प्रसिद्ध केले. मग संसद, मग आंतरराष्ट्रीय आघाडी. १९५२ साली त्यांनी आघाडीचे अध्यक्षपद सोडले, आणि रंगमहालच्या उत्खननाची सुरुवात त्याच १९५२ सालची आहे. तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते. ज्या वयात आपल्याकडे माणसे निवृत्तिवेतनाचे कागद सांभाळून ठेवतात त्या वयात ही बाई एक जागतिक संघटना दुसऱ्याच्या हाती देऊन वाळवंटात खापरे मोजायला आली. तीन कप्पे केल्यामुळे नोंदीतून नेमकी हीच गोष्ट गायब झाली आहे. वाचक एका भागात १९५२ वाचतो, दुसऱ्या भागात पुन्हा १९५२ वाचतो, आणि दोन्ही एकाच बाईच्या आयुष्यातले एकच वर्ष आहे हे त्याच्या मनात येत नाही.

विवाहांचेही तसेच. श्निटगर यांच्याशी विवाह १९१९ साली झाला, त्याच वर्षी पदवी मिळाली. १९२४ साली त्या विधवा झाल्या. १९२९ साली मोर्टिमर मुंक आफ रोसेनशॉल्ड यांच्याशी दुसरा विवाह झाला आणि ते १९३१ पासून येम्टलंड प्रांताचे राज्यपाल असल्यामुळे त्यांना स्टॉकहोमपासून दूर उत्तरेकडे राहावे लागले. कामावर परिणाम झाला तेवढाच विवाहाचा तपशील चरित्रनोंदीत यावा. गुहेचा ग्रंथ समजण्यासाठी पहिला विवाह सांगावाच लागतो. दुसऱ्याला एक वाक्य पुरते.

पिनांच्या प्रबंधाला मात्र दोन वाक्ये द्या. एखादी वस्तू आकारानुसार लावत जायची, कोणता आकार कोणत्या आकारातून निघाला हे ठरवायचे आणि त्यावरून काळाचा क्रम बांधायचा, ही पद्धत स्वीडनमध्ये ऑस्कर मोंतेलियस (१८४३–१९२१) यांनी पक्की केली. १८८५ साली त्यांनी उत्तर युरोपातल्या कांस्ययुगाचे सहा कालखंड याच रीतीने मांडले. रीद यांचे शिक्षण या परंपरेत झाले. एका पिनेच्या कडेची नक्षी कशी बदलत गेली हे पाहण्याची सवय ज्या डोळ्यांना लागली, तेच डोळे पुढे रंगमहालच्या खापरांवरची काळी नक्षी पाहत होते. मधे १९२९ साली त्यांनी स्टॉकहोमच्या पूर्व आशियाई पुरावस्तू संग्रहालयाच्या पहिल्याच वार्षिकात मृतांसोबत ठेवल्या जाणाऱ्या भांड्यांवरील प्रतीकांबद्दल लेख लिहिला होता. हा लेख नोंदीत नाही. तो घातला तर पिनांपासून रंगमहालपर्यंतची वाट दिसते, नाही तर भारतातले उत्खनन आकाशातून पडल्यासारखे वाटते.

मुद्रितशोधक :

कालक्रमाबद्दल मी सहमत आहे, पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. 'तेच डोळे पुढे पाहत होते' हे वाक्य इथे चर्चेत शोभते, ज्ञानकोशात नाही. तिथे वर्षे आणि कामे क्रमाने ठेवावीत आणि नाते वाचकाला जोडू द्यावे. एकसष्ट हे वयही वेगळे सांगू नये. जन्मवर्ष पहिल्या ओळीत आहे, वाचकाला वजाबाकी येते. मात्र 'त्याच वर्षी' हे दोन शब्द अवश्य असावेत, कारण ते मत नाही, वस्तुस्थिती आहे.

आणि संदर्भ देताना एक पथ्य पाळावे. रंगमहालमध्ये काय मिळाले यासाठी १९५९ चा अहवाल हा उत्तम आधार आहे, परंतु त्या कामाचे महत्त्व काय यासाठी त्याच अहवालाचा आधार घेता येणार नाही, कारण तो त्यांचाच आहे. मूल्यमापन दुसऱ्या कुणी केलेले हवे. गढीवरच्या उत्खननाबद्दल लिहितानाही आपण हेच पाळतो. आणि ज्या पानाचा क्रमांक द्याल ते पान स्वतः उघडून पाहिलेले असावे. इंग्रजी नोंदीतली तळटीप उचलून मराठीत लावणे म्हणजे दुसऱ्याने वाचले यावर आपण सही करणे आहे.

गोदाकाठ (नाशिक) :

आपल्या सूचनांनुसार प्रारंभिक परिच्छेद पुन्हा लिहिला आहे. रविवारी सार्वजनिक वाचनालयात बसून दोनदा वाचला आणि मगच इथे देतो आहे.

"हान्ना रीद (१२ फेब्रुवारी १८९१ – २९ जून १९६४) या स्वीडिश पुरातत्त्वज्ञ आणि स्त्रीहक्कांच्या चळवळीतील कार्यकर्त्या होत्या. वायकिंग काळातील डबीच्या आकाराच्या वस्त्रपिनांवर प्रबंध सादर करून त्यांनी १९१९ साली उप्साला विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. मेलारेन सरोवरातील आदेल्सो बेटावर त्यांनी अनेक वर्षे उत्खनन केले. तेथील 'स्कोपिंतुल' या टेकाडाचे उत्खनन १९१७ साली झाले. आदेल्सोवरील कामाचा ग्रंथ १९३६ साली आणि पहिले पती ब्रूर श्निटगर यांच्या मागे अपुरे राहिलेले स्तूरा फोरवार गुहेचे संशोधन १९४० साली त्यांनी प्रसिद्ध केले. १९४६ पासून त्या आंतरराष्ट्रीय महिला आघाडीच्या अध्यक्ष होत्या. १९५२ साली हे पद सोडल्यावर त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली स्वीडिश मोहिमेने राजस्थानातील रंगमहाल येथे उत्खनन सुरू केले. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील या वस्तीचा त्यांचा अहवाल १९५९ साली लुंड येथून प्रसिद्ध झाला."

'स्कोपिंतुल' बद्दल पुढे मजकुरात असे लिहिले आहे : 'या दफन-टेकाडात नावेसह दहन केलेल्या मृतांचे अवशेष मिळाले.' हे बरोबर आहे का?

पांढरीची माती :

परिच्छेद चांगला झाला आहे. मला यात बदलण्यासारखे फारसे काही दिसत नाही.

शेवटच्या वाक्यात मात्र 'दफन' आणि 'दहन' एकमेकांना छेद देतात. स्कोपिंतुलमध्ये मृतांना नावेत ठेवून अग्नी दिला होता आणि जळालेल्या अवशेषांवर टेकाड रचले होते. म्हणून 'दफन-टेकाड' ऐवजी 'मृतांच्या अवशेषांवर रचलेले टेकाड' लिहा. आणि नाव जळून गेल्यावर तिच्यातले लोखंडी खिळे तेवढे राखेत उरतात, त्यांवरूनच नाव होती हे ओळखतात. अशा ठिकाणी खणणारा माणूस चाळणी घेऊन बसतो आणि गंजलेला एकेक खिळा मोजतो. त्या खिळ्यांचा उल्लेख एका वाक्यात करा. त्यासाठी १९३६ च्या ग्रंथातले त्या टेकाडाचे प्रकरण मिळवावे लागेल. ते स्वीडिशमध्ये आहे.

सातपूरकर :

ते प्रकरण मिळाले तर मला पाठवा. बोलण्याइतकी स्वीडिश येते, शब्दकोश जवळ ठेवून वाचून देईन. खिळ्यांचा परिच्छेद आधी पाहतो.